गावातल्या एका माणसाची पांढरी कावीळ

भोर
२ जुलै २०२४

ती. गेनबामामांस,
रत्नाचा साष्टांग नमस्कार.

पोस्टमन दारात बघून मामी घाबरली असेल. तिला आधी सांगा, कुणीही गेलेलं नाही. तुमच्या पासलीत मोबाईलला रेंज फक्त देवळामागच्या कातळावर येते आणि त्या कातळावर सकाळपासून चार माणसं बसलेली असतात. मी तुम्हाला काय म्हणाले ते तुमच्याआधी त्यांना कळतं. म्हणून हे पत्र.

मला नोकरी लागली हे तुमच्या बहिणीनं आमच्या किकवी गावभर सांगितलंय. "आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट" इथपर्यंत ठीक होतं, पण दोन-तीन घरी ती "लेक डॉक्टर झाली" असंही म्हणून आलीय. मी डॉक्टर नाही. मी बीएस्सी आहे. लोकांचं रक्त काढायचं आणि नळीवर त्यांचं नाव चिकटवायचं, हे माझं काम. नळीवर नाव चिकटवूनही समाजाचं भलं होतं असं मला मनापासून वाटतं. हसू नका.

काम असं आहे. भोर आणि वेल्ह्याकडे ज्यांना पांढऱ्या काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या, विषाणूनं लिव्हरचा जुनाट आजार झालाय, त्यांच्या रक्तात हार्मोन किती आहेत हे आम्ही मोजतो. लिव्हर बिघडली की हार्मोनचंही बिनसतं. किती बिनसतं, कुणाचं जास्त बिनसतं, हे नीट कळलं तर उपचार नीट करता येतील. इतकं साधं आहे. पण गेल्या आठवड्यात एका गावात कुणीतरी उठवून दिलं की ही मर्दानगी मोजायची गाडी आहे. आम्ही पोचलो तर गावात एकही मिशी शिल्लक नाही! सगळे शूरवीर डोंगरात. एक आजोबा तेवढे सापडले, तेही गुडघे दुखत होते म्हणून. ते म्हणाले, "बाई, माझी मोजून काय मिळायचं? हितं नुसतं जुनं रेकॉर्ड हाय." आमच्या सई मॅडम, म्हणजे डॉक्टर, इतक्या हसल्या की त्यांना गाडीत जाऊन बसावं लागलं.

तर ऑगस्टमध्ये आम्ही पासलीला येणार. तुमचा शब्द गावात चालतो. तुम्ही पुढं बसलात तर बाकीचे पळणार नाहीत.

आणि हे काय ऐकते? अमृत परवा कापूरहोळला भेटला. गॅरेजात ट्रकखाली झोपूनच बोलला माझ्याशी, तुमचा मुलगा शोभतो. म्हणाला, आबांनी यंदा सावड सोडली, कुणाच्या खाचरात लावणीला जात नाहीत, कुणाला आपल्यात लावणीला बोलवत नाहीत. आणि चिखलणीच्या दिवसांतही लांब बाह्यांचा शर्ट घालतात, गळ्यापर्यंत बटणं लावून. मामा, सगळी पासली उघड्या अंगानं चिखलात असते तेव्हा तुम्ही काय कलेक्टर म्हणून पाहणीला जाता का?

मामीला नमस्कार.

तुमची,
रत्ना


पासली
९ जुलै २०२४

चि. रत्नास,
गेनबामामाचा आशीर्वाद.

पत्र पावलं. मामी घाबरलीच हुती. पाकीट फोडायच्या आधी तिनं पदर तोंडाला लावून तयारी करून ठेवली हुती. कुणी गेलं न्हाई म्हटल्यावर जरा हिरमुसली.

तुझी गाडी हितं आणू नको. बातमी गाडीच्या आधी आलीया. सोमनाथ कातळावर बसून सांगतो की एक नळी रक्त काढलं की मागं कागद येतो, त्याच्यावर बापय किती टक्के ते छापलेलं असतं. आता सोमनाथला पस्तीसच्या खाली कागद आला तर त्यो गावात कसा ऱ्हायचा? म्हणून त्यानं त्या दिवसासाठी साताऱ्याला एक मयत आत्ताच ठरवून ठेवलंय.

शर्टाचं म्हणशील तर ऊन लागतं.

सावड सोडली ती माझ्या मर्जीनं. जल्मभर दुसऱ्याच्या खाचरात वाकलो, आता ट्रॅक्टरवाला लावतो. लोक बोलत्यात. बोलू देत. गेनबाला पैका चढला म्हणत्यात. ऐकून बरं वाटतं, तेवढा तरी चढू दे.

आता तू येवढी शिकलीस म्हणून एक इचारतो. आमच्या गावात एक माणूस हाय. नाव नको. त्याला दोन सालामागं पुण्याच्या दवाखान्यात पांढरी कावीळ सांगितली, लिव्हर दगडावानी झालीय म्हणाले. घरी फक्त बायकोला ठाव. दोन गोळ्या दिल्या. एक डबीतली, रोज घ्यायची, कधी बंद करायची न्हाई. दुसरी पोटातलं पाणी उतरायची. तर त्या माणसाची छाती वाढली. चरबी न्हवं. बायकांवानी. दुखती बी. छातीवरचं केस गळालं. त्याला वाटतं ही गोळीचीच करणी. म्हणून वैशाखापासनं त्यानं डबीतली बंद केली. पाण्याची ठिवली, कारण ती न्हाई घेतली तर पोट फुगतं आन लोक इचारत्यात कितवा महिना.

त्यानं गुंजवणीकडल्या एका बाबाकडून कावीळ उतरवून घेतली. बाबा चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो. पाणी पिवळंजरद झालं, ते म्या डोळ्यानं बघितलं.

ह्यावर तुमच्या पुस्तकात काय लिवलंय ते कळव. त्या माणसाला घाई न्हाई, पण कळव.

गेनबामामा


भोर
१५ जुलै २०२४

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या गावातल्या त्या माणसाला माझा कोपरापासून नमस्कार सांगा. इतका शहाणा माणूस आमच्या अभ्यासात अजून सापडला नव्हता.

आधी बाबाचं. चुन्याच्या पाण्यात हात धुण्याआधी बाबा तळहाताला कसली तरी साल चोळतो. ती चुन्याला लागली की रंग उतरतो. बाबाला म्हणावं, उद्या माझ्या म्हशीची कावीळ उतरव. तिचीही उतरेल.

आता छातीचं. प्रत्येक बापयाच्या रक्तात थोडा बायकी हार्मोन असतो. होय, सोमनाथच्याही. चांगली लिव्हर तो रोजच्या रोज निकालात काढते. विषाणूनं लिव्हर दगड झाली की तो तुंबतो, आणि पुरुषी हार्मोन तयार व्हायचा कमी होतो. मग छाती वाढते, अंगावरचे केस जातात, तळहात लाल होतात. हे आजारानं होतं. कोणत्याही गोळीचा यात काडीचा संबंध नाही. मी स्वतः वाचलंय.

आणि शहाण्यानं बंद केली कुठली, तर विषाणूला बांधून ठेवणारी! ती बंद केली की विषाणू दुप्पट जोरानं उठतो. मग छाती झाकायला शर्ट लागत नाही मामा, पांढरं कापड लागतं. दोन वर्षं सरकारनं फुकट गोळी दिली, डॉक्टरांनी समजावलं, आणि हा गडी घाबरतो कशाला? मरणाला नाही, बनियनला! अशा माणसांमुळेच आपली गावं मागं राहिली. बायको बिचारी काय करत असेल देव जाणे. तुम्ही त्याला कान धरून भोरला घेऊन या. नाहीतर हे पत्र त्याला वाचून दाखवा, मोठ्यानं.

जरा जास्त लिहिलं का? पण मला राग येतो. एक गोळी, एक पेला पाणी. एवढ्यासाठी माणूस जीव घालवतो.

तुमचा शर्ट उन्हामुळे म्हणता. पासलीत जुलैत ऊन कधीपासून पडायला लागलं तेही कळवा, वेधशाळेला सांगते.

तुमची,
रत्ना


पासली
२७ जुलै २०२४

चि. रत्नास आशीर्वाद.

तुझं पत्र त्या माणसाला वाचून दाखवलं. मोठ्यानं. घरात दुसरं कुणी न्हवतं तवा.

त्यो हसला. म्हणाला, पोरगी हुशार हाय. म्हणाला, तिला म्हणावं तुझ्या गाडीत समदं मोजत्यात, तर तळ्यावर आंघूळ करताना चौघांनी वळून बघितल्यावर माणसाला काय हुतं, ते कुठल्या नळीत भरत्यात? तीबी एक नळी ठेव म्हणाला. आन म्हणाला, गोळीचा संबंध काडीचा न्हाई म्हणती, पण दोन साल ह्या अंगात ती पोरगी ऱ्हायली न्हाई, म्या ऱ्हायलो. पाण्याची गोळी वाढवली त्या महिन्यापासनंच दुखाय लागलं, ह्ये तिच्या पुस्तकाला कोण सांगंल?

म्या त्याची बाजू घेत न्हाई. त्यो म्हणाला ते लिवतोय.

डोळं त्याचं पिवळं झाल्यात. अन्नाचा वास नको वाटतो. बाबा म्हणतो उतरता उतरता एकदा वर येतीच. आता माझा बी बाबावर इस्वास न्हाई, तू म्हशीचं लिवलंस तवापासनं हसूच येतं. पण त्यो माणूस भोरला येनार न्हाई. तिथं तू असणार.

चिखलणी ऱ्हायलीय. ट्रॅक्टरवाला आला न्हाई, त्याचं म्हणणं आमच्या खाचरात ट्रॅक्टर उतरत न्हाई, पलटी हुतो. सावडीतली माणसं बांधावरनं बघून जात्यात. सोमनाथ म्हणाला, "गेनबा, कलेक्टर सायब, भात कागदावर लावणार का औंदा?" त्याला तुझं पत्र कुणी दाखवलं कुणास ठाऊक.

हात जरा थरथरतो, अक्षर गोड मानून घे.

गेनबामामा


पासली
१ ऑगस्ट

रत्ने,

ह्ये पत्र तुजी मामी ठकुबाई लिवती. चौथीपातूर शिकले हाय, जोडाक्षराला हसू नको. पोस्टानं येळ जाईल म्हनून यष्टीच्या कंडक्टरच्या हातानं अमृतकडं धाडतीय, त्यो तुला आनून दील.

तुजं शहान्या मानसाचं पत्र म्या वाचलं. बायको बिचारी काय करत आसल म्हनून इचारलंस. सांगती. बायको बिचारी रोज त्येचा शरट धुती आन चुलीवर वाळवती, कारन पावसात शरट वाळत न्हाई आन त्यो उगड्या अंगानं भायर येत न्हाई. त्यो शहाना मानूस माज्याच चुलीम्होरं जेवतो. जेवत हुता. चार दिस झालं त्येनं घास घेतला न्हाई.

काल मला म्हनला साळू कवा आलीस. साळू तुजी आई. म्या ठकी. तीस साल झाली लग्नाला, आन मानूस मला बहीन म्हनतोय. येरवी म्या त्येचं डोकं फोडलं आसतं.

रागं भरायचं नंतर. आदी गाडी आन. तुजी रगताची न्हाई, झोपवून न्यायची.

तुजी मामी


भोर
१४ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
रत्नाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही घरी पोचून आठवडा झाला. मामी म्हणते, भाकरी दोन खाता आणि शिव्या भरपूर देता. सई मॅडमना हे सांगितलं, त्या म्हणाल्या, दोन्ही लक्षणं चांगली आहेत.

तुम्हाला त्या दिवसाचं फार आठवत नसेल. अमृत गॅरेजातला टेम्पो घेऊन आला. पुण्याला पोचेपर्यंत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तुम्ही मला "कोण गं तू बाई, बरी दिसतीस" असं तीन-चारदा विचारलंत. विषाणू इतका उठला होता की लिव्हरनं हात टेकले होते आणि तिचं विष डोक्यात चढलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, नातेवाइकांना बोलावून घ्या. आम्ही म्हटलं, बोलावून कशाला घ्यायचे, आलेच आहेत. बाहेर पाहा. सोमनाथ धरून निम्मी पासली व्हरांड्यात बसली होती. नर्स ओरडली तेव्हा सोमनाथ तिला म्हणाला, "बाई, आमच्यात सावड असते." तुमचं खाचरही त्यांनीच लावलं. कुणी सांगितलं नव्हतं.

आता खरं लिहिते. तोंडावर बोलवत नाही.

मी चूक होते. विषाणूच्या गोळीनं छाती वाढत नाही हे खरं. आजारानं वाढते हेही खरं. पण पाण्याच्या गोळीनंही वाढते आणि दुखते. मी सई मॅडमना तुमचं वाक्य सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हो की, हे तर सगळ्यांना माहीत असतं." सगळ्यांना म्हणजे मला सोडून. मी एक प्रकरण वाचलं आणि तुमचे कान उपटले. पुढचं पान उलटलं असतं तर बरं झालं असतं. आता ती गोळी बदललीय. म्हणजे तुम्ही जी बंद करायला हवी ती घेत होता आणि जी घ्यायला हवी ती बंद केली, आणि मी तुम्हाला दोन्हींबद्दल भाषण दिलं. मामा-भाचीची जोडी बरी जमली.

तुम्ही शुद्धीवर आल्यावर मॅडमनी आमच्या अभ्यासाबद्दल विचारलं. तुम्ही हात पुढं केलात आणि म्हणालात, "मोजा, उरलंय किती ते बघू." त्याचा निकाल आलाय. पुरुषी हार्मोन तुमच्या वयाला हवा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाही. बायकी हार्मोन चढलेला आहे. एवढ्या मोठ्या आजारात तो आकडा आणखी खाली जातोच, म्हणून पुन्हा मोजायला हवा. दुखणं थांबेल. पण छाती दोन वर्षांची जुनी आहे, ती पूर्ण उतरेल असं मी लिहू शकत नाही. कदाचित नाही उतरणार. विषाणूची गोळी मात्र आता जन्मभर. एक गोळी, एक पेला पाणी, असं मी मागं लिहिलं होतं. ते किती सोपं आहे ते मी परत सांगणार नाही.

आणखी एक आहे. हे लिहायला चार दिवस लावले.

घरच्यांची तपासणी केली. मामी ठणठणीत आहे. अमृतच्या रक्तात विषाणू आहे. लहानपणीच तुमच्याकडून आला असेल, किंवा तुम्ही दोघं एकच ब्लेड वापरता म्हणून. त्याची लिव्हर अजून चांगली असावी, पण नक्की कळायला पुढच्या तपासण्या करायला हव्यात. मी त्याला गॅरेजात जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "रत्नाताई, हे बोललीस ते ह्या गॅरेजात राहू दे." त्यानंतर माझा फोन उचलत नाही. दोनदा बोलावलं, आला नाही. मी भाषण देऊ शकते, पण आता माझ्या भाषणांची मलाच भीती वाटते.

मामा, काय करू?

तुमची,
रत्ना


पासली
२२ सप्टेंबर २०२४

चि. रत्नास,
मामाचा आशीर्वाद.

तिसरा हिस्सा म्हणतीस. लई झाला. सोमनाथला म्हटलं, माझा कागद आला, तेहतीसच्या खाली, नापास. त्यो म्हणाला, "गेनबा, मला तेवढं बी पडायचं न्हाईत." आता तुझी गाडी हितं आली तरी त्यो साताऱ्याच्या मयताला जानार न्हाई. मयतच रद्द केलं त्यानं.

गोळी चालू हाय. सकाळी ठकी पेला घेऊन हुभी ऱ्हाते आन गिळल्यावर तोंड उघडून बघती. म्हशीचं दात बघावं तसं.

चुकीचं काय मनाव घेऊ नको. तू चुकलीस ती पुस्तकाच्या एका पानानं. म्या चुकलो ते वैशाखापासनं श्रावणापातूर. तू अजून लहान हायस, तुझं माप भरायला येळ हाय.

आता अमृतचं. आज रविवारचा आला. जेवला, हात धुतला, निघाला. दारात धरला.

म्हणाला, "मला काय झालंय? ट्रकचं टायर म्या एकटा उतरवतो."

म्हटलं, "म्या बी बैल एका हातानं वळवीत हुतो."

म्हणाला, "कुणाला कळलं तर? उद्या पोरगी कोण दील?"

म्हटलं, "आता लपवून काय हुनार? तुझ्या बापाचं समद्या गावाला कळलंय. म्या काल पारावर सांगून आलो. म्हटलं मला पांढरी कावीळ हाय, छाती तिनंच आलीय, ज्याला बघायची त्यानं आत्ताच बघून घ्या, दिवाळीनंतर तिकीट लावीन."

त्यो खाली बघून हसला आन मंग रडाय लागला. चोवीस वर्साचं पोरगं. म्या काय त्याला धरलं न्हाई, धरलं आसतं तर म्या बी रडलो असतो आन ठकी घरात हुती.

म्हटलं, "अमृत, ह्या आजारातली लाज समदी म्या वापरून संपवली. तुझ्या वाटणीला काय ठेवली न्हाई. तुला नुसती गोळीच घ्यावी लागंल, ती बी डॉक्टरनं सांगितली तर."

त्यानं घातलेली चप्पल परत काढली. गेला न्हाई. ऱ्हायला.

मंगळवारी पहाटंच्या यष्टीनं आमी दोघं निघतोय, त्याआधी पोचावं म्हणून ह्ये पत्र कंडक्टरच्या हातानं धाडतोय. त्याला उपाशी आणतो, नळ्या तयार ठेव. माझी बी एक काढून घे, आकडा वर गेला का बघू, सोमनाथ वाट बघतोय. यष्टीत अमृतला खिडकीकडं बसवनार हाय आन म्या बाहेरच्या बाजूला. मधी कुठं उतरतो म्हणाला तर त्याला बापाला वलांडून जावं लागंल.

गेनबामामा